मूल राहत नाही, टेस्ट कुठं आणि कशा करायच्या? सांगली-मिरज भागातल्या जोडप्यांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न बायका लग्नकार्यात बाजूला घेऊन नाहीतर रात्री उशिरा मेसेज टाकून विचारतात, आणि पुरुष तर विचारतच नाहीत, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, पण सरकारी आणि खासगी दोन्हीकडं या टेस्टमधनं गेलेय आणि नंतर बऱ्याच जणींसोबत दवाखान्यात बसलेय. औषध कुठलं घ्यायचं ते डॉक्टरच सांगणार, इथं फक्त टेस्टचं बोलू. माझं म्हणणं एकच आहे, टेस्ट दोघांच्या एकाच वेळी सुरू करा आणि क्रमानं करा, कारण आपल्याकडं बाईच्याच टेस्ट चालू राहतात आणि त्यात वर्षं जातात.

लग्नाला सहा महिने झाले, घरचे मागं लागलेत, आत्ताच टेस्ट करायच्या का?

वय पस्तीसच्या आत असेल, पाळी वेळेवर येत असेल आणि दुसरा काही त्रास नसेल तर एक वर्ष थांबायला हरकत नाही. एक वर्ष म्हणजे दोघं एकत्र राहून, काही साधन न वापरता, आठवड्यातनं दोन-तीनदा संबंध येऊन गेलेलं वर्ष, नुसतं लग्नाचं वर्ष नव्हे. बाईचं वय ३५ च्या पुढं असेल तर सहा महिने, आणि चाळिशी आली असेल तर थांबूच नका. पाळी दोन-दोन महिने येत नाही, पाळीत असह्य दुखतं, आधी पोटाचं किंवा अंडाशयाचं ऑपरेशन झालंय, टीबी होऊन गेलाय, नवऱ्याला मोठेपणी गालगुंड झाले होते आणि तेव्हा गोटी सुजली होती, यातलं काहीही असेल तर वर्ष मोजत बसायचं नाही, सरळ जायचं. घरच्यांना उत्तर द्यायचं म्हणून टेस्ट करू नका, पण वर सांगितलेलं काही असेल तर घरच्यांना काय वाटेल म्हणून लांबवूही नका.

पहिली टेस्ट कुणाची?

नवऱ्याची वीर्य तपासणी. स्वस्त आहे, दुखत नाही, सुई नाही आणि रिपोर्ट लगेच मिळतो. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडनं काही ना काही कारण असतंच, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. तरीपण आपल्याकडं बाईची सोनोग्राफी, रक्त, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बीण सगळं होतं आणि मग कुणीतरी विचारतं, मिस्टरांचं केलंय का? वीर्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय बाईच्या दुखणाऱ्या, महागड्या टेस्टला हो म्हणू नका. बाईचं रक्त आणि सोनोग्राफी त्याच आठवड्यात चालू द्या, त्याला काही अडचण नाही.

सासूबाई म्हणतात आमचा पोरगा चांगला धडधाकट आहे, त्याला कशाला टेस्ट?

तालमीत जाणारा, उसाची मोळी उचलणारा, दाढीमिशी भरलेला, कसाही असू दे, शुक्राणूंचा काउंट बाहेरून दिसत नाही. संबंध व्यवस्थित येतात म्हणजे काउंट चांगला आहे असंही नसतं. आणि धडधाकट दिसण्यासाठी जिममधनं कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर त्यानंच शुक्राणू बनायचं बंद पडतं, अगदी शून्यापर्यंत जातं. बंद केल्यावर बऱ्याच जणांचं परत येतं पण त्याला महिने लागतात, म्हणून डॉक्टरांना हे लपवू नका. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांकडनंच दोघांच्या नावानं टेस्ट लिहून आणा, कागदावर लिहिलेलं असलं की घरात कमी बोलावं लागतं.

वीर्य तपासणीला जाताना काय काळजी घ्यायची?

आधी २ ते ७ दिवस संबंध नको आणि हस्तमैथुनही नको. दोनपेक्षा कमी नको तसे सातपेक्षा जास्तही नकोत, महिनाभर थांबून गेलं की रिपोर्ट चांगला येतो हा गैरसमज आहे. डबी लॅबमधनंच घ्यायची, घरातली बाटली धुऊन नाही. तेल, साबण, थुंकी काही वापरायचं नाही, आणि साधा निरोधही चालत नाही. सगळं वीर्य डबीत पडलं पाहिजे, विशेषतः सुरुवातीचं, त्यातच शुक्राणू जास्त असतात, सांडलं तर लॅबवाल्याला सांगा, तो लिहून घेतो.

शक्यतो लॅबमध्येच द्या. लाज वाटते, बाहेर रांग आहे, खोलीची कडी नीट लागत नाही, हे सगळं खरं आहे आणि त्यामुळं कित्येक जण रिकामी डबी घेऊन परत येतात, त्यात त्या माणसाचा काही दोष नाही. मग घरनं आणायचं, पण तासाभराच्या आत पोचलं पाहिजे. डबी अंगाजवळ, आतल्या खिशात ठेवायची, गाडीच्या डिकीत उन्हात नाही आणि बर्फातही नाही. म्हणजे जत किंवा आटपाडीहून सांगलीला घरनं सॅम्पल आणणं जमणारच नाही, तिथल्यांनी तालुक्यातल्याच लॅबला विचारायचं नाहीतर आदल्या दिवशी पाहुण्यांकडं मुक्कामाला यायचं.

गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, चिकनगुनिया, टायफॉईड असा मोठा ताप येऊन गेला असेल तर ते आवर्जून सांगा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात, तापाचा परिणाम नंतरच्या रिपोर्टमध्ये दिसतो.

रिपोर्ट आला, आकडे कसे वाचायचे?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली जी पुस्तिका काढली त्यातल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, सगळे मिळून ३ कोटी ९० लाख, हलणारे ४२ टक्के, पुढं पळणारे ३० टक्के, आणि आकारानं चांगले ४ टक्के. शेवटचा आकडा बघून माणसं हादरतात, शंभरातले चारच चांगले? हो, चार पुरेसे धरतात. आणि या मर्यादा म्हणजे पास-नापास नव्हे, वर्षाच्या आत ज्यांच्या बायकांना दिवस गेले अशा पुरुषांचे रिपोर्ट बघून त्या काढल्यात, याच्या खाली असूनही मूल होतं आणि वर असूनही कधी वेळ लागतो.

एका रिपोर्टवर निकाल लावायचा नाही. कमी आला तर साधारण तीन महिन्यांनी परत करायचा. शून्य आला तर मात्र तेवढं थांबू नका, लवकर परत करा आणि लॅबला सांगा की सॅम्पल फिरवून तळाचं बघा. दुसऱ्यांदाही शून्य आलं तर युरॉलॉजिस्ट गाठायचा, तो तपासून एफएसएच, टेस्टोस्टेरॉन या हार्मोनच्या टेस्ट आणि गरज पडली तर जनुकीय टेस्ट सांगतो. शून्य म्हणजे कायमचं शून्य असं नसतं, काहींच्यात शुक्राणू बनतात पण वाट बंद असते. आणखी एक, रिपोर्टमध्ये चार-पाच पस सेल, म्हणजे पुवाच्या पेशी, लिहिलेत म्हणून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स सुरू होतात, ते खरंच लागतंय का एवढं विचाराच.

बाईच्या टेस्ट पाळीच्या कुठल्या दिवशी?

इथंच जास्त गोंधळ होतो आणि एक दिवस चुकला की महिना जातो. नीट अंगावरनं जायला लागलं तो पहिला दिवस, नुसता डाग पडला तो मोजायचा नाही. एफएसएच, एलएच आणि इस्ट्रॅडिऑल या हार्मोनच्या टेस्ट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, चौथाही चालतो, म्हणून मधे रविवार आला तर घाबरू नका. थायरॉईडची टीएसएच, अंड्यांच्या साठ्याची एएमएच, हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट, रुबेला कुठल्याही दिवशी. प्रोलॅक्टिन सगळ्यांना लागत नाही, पाळी अनियमित असेल किंवा छातीतनं दुधासारखं येत असेल तर करतात.

अंडं तयार होतं का ते बघायला एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन सांगतात, पण तो एकविसावा दिवस फक्त २८ दिवसांच्या पाळीला. खरा हिशोब पुढच्या पाळीच्या सात दिवस आधीचा आहे, तुमची पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी द्या, नाहीतर रिपोर्ट उगाचच कमी येतो आणि अंडं बनत नाही असा शिक्का बसतो. सोनोग्राफी आतून करतात, पोटावरनं तेवढं नीट दिसत नाही. फॉलिकल स्टडी म्हणजे अंडं किती वाढलं, फुटलं का, हे बघायला नवव्या-दहाव्या दिवसापासनं एक दिवसाआड जावं लागतं. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ते किती जड जातं हे डॉक्टरांच्या लक्षात येत नाही, तेव्हा आपणच म्हणायचं, मॅडम, कमी फेऱ्यात होईल असं बघा.

सरकारी दवाखान्यात काय काय होतं, आणि खरंच फुकट आहे का?

दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत, त्या समजून घ्या. गावाकडचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची, तिथं १५ ऑगस्ट २०२३ पासनं केसपेपर, तपासणी सगळं मोफत केलंय. सांगलीचं सिव्हिल, म्हणजे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, आणि मिरजेचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल ही वैद्यकीय शिक्षण विभागाकडची, तिथं केसपेपरला आणि टेस्टला सरकारी दरानं पैसे पडतात, पण खासगीच्या मानानं ते फारच थोडे.

हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट, लघवी अशा साध्या टेस्ट गावाजवळच उरकून घ्या, एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी म्हणजे सरकारी सल्ला-तपासणी केंद्रात मोफत आणि गुप्त असते. मेडिकल कॉलेजमध्ये स्त्रीरोग ओपीडी, सोनोग्राफी, एक्स-रे विभाग, पॅथॉलॉजी सगळं असतं, त्यामुळं वीर्य तपासणी, हार्मोन, एचएसजी म्हणजे नळ्यांचा एक्स-रे, याची चौकशी तिथंच करायची. कुठली टेस्ट कुठल्या वारी आणि किती वाजेपर्यंत सॅम्पल घेतात हे ओपीडीतल्या सिस्टरना विचारून फाइलच्या पाठीवर लिहून ठेवा. एएमएचसारखी टेस्ट बऱ्याचदा बाहेर करायला सांगतात, खासगी लॅबमध्ये तिला साधारण दीड ते अडीच हजार लागतात.

सरकारीत वेळ जातो, गर्दी असते, आणि दरवेळी वेगळे डॉक्टर भेटतात, हे आहेच. पण एक फायदा कुणी सांगत नाही, तिथं तुमच्या टेस्टवर कुणाचं कमिशन नसतं. सकाळी लवकर जा, दोघांचे आधार घेऊन जा, आणि पहिल्या दिवशी तरी नवऱ्याला सोबत न्याच, कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट असेल तर सेकंड शिफ्ट बघून जा. गावात आशाताई ओळखीच्या आहेत आणि बोभाटा होईल असं वाटत असेल तर गावचं केंद्र सोडून थेट तालुक्याला किंवा सिव्हिलला गेलात तरी चालतं.

खासगी डॉक्टरांनी पंधरा हजारांची यादी दिली, सगळ्या करायच्या?

प्रत्येक टेस्टपुढं एकच प्रश्न विचारायचा, याचा रिपोर्ट आल्यावर ट्रीटमेंट काय बदलणार? चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत. काही त्रास नसताना टॉर्च पॅनेल म्हणजे काही संसर्गांच्या रक्ताच्या टेस्ट, शुक्राणूविरोधी अँटिबॉडी, ढीगभर रोगप्रतिकारकच्या टेस्ट, हे पहिल्या फेरीत लागत नाही. पहिल्या फेरीत चार गोष्टी कळल्या की बास: वीर्य कसं आहे, अंडं बनतं का, नळ्या मोकळ्या आहेत का, पिशवी ठीक आहे का. खासगीत जायचंच असेल तर जे सरकारीत वेळेवर होत नाही तेवढ्यासाठी जा, सोनोग्राफी एका हाताखाली, एकाच डॉक्टरकडं झालेली बरी, त्यासाठी पैसे खर्च करणं मला पटतं.

एएमएच कमी आला, आता मूल होणारच नाही का?

असं कुणी म्हटलं असेल तर ते चुकीचं आहे. एएमएचनं अंड्यांचा साठा किती उरलाय याचा अंदाज येतो, अंडी चांगली आहेत का ते कळत नाही आणि आपोआप दिवस राहतील का तेही कळत नाही. आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, इंजेक्शनला किती अंडी मिळतील हे बघायला तो उपयोगी. कमी आला तर वेळ घालवू नका एवढाच त्याचा अर्थ. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा कमी दिसू शकतो, आणि केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर हार्मोनच्या काही टेस्ट बिघडतात, लॅबला आधी सांगा.

एचएसजी फार दुखते म्हणतात?

खोटं नाही सांगत, दुखतं. पाळीत कळा येतात तशा जोराच्या कळा काही मिनिटं येतात, काहींना कमी काहींना जास्त. पाळी थांबल्यावर, पाळीच्या पहिल्या दिवसापासनं मोजून साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करतात, त्या महिन्यात पाळी आल्यापासनं टेस्ट होईपर्यंत संबंध ठेवायचा नाही. वेदनेची गोळी आधी तासभर घेतली की बराच फरक पडतो, पण ती कुठली घ्यायची ते आधीच विचारून घ्या, टेबलावर झोपल्यावर विचारून उपयोग नाही. आयोडीनची ॲलर्जी असेल तर सांगा. सोबत कुणीतरी न्या आणि येताना गाडीवर बसून येऊ नका. थोडं अंगावरनं जाणं चालतं, पण ताप आला, पोट वाढत्या प्रमाणात दुखलं, घाण वासाचं पाणी गेलं तर त्याच दिवशी परत दवाखाना.

नळी पिशवीजवळ बंद दिसली तर दरवेळी ती खरंच बंद असते असं नाही, दुखल्यामुळं आखडूनसुद्धा तसं दिसतं. म्हणून त्या एका फिल्मवरनं लगेच आयव्हीएफ ठरवू नका, दुसरं मत घ्या. एक्स-रे नको असेल तर सोनोग्राफीत पाणी सोडून बघायची एसएसजी पण असते.

पिशवीचा टीबी असेल म्हणून रक्त तपासायला सांगितलं.

जननेंद्रियांचा टीबी आपल्या देशात नळ्या बंद पडायचं मोठं कारण आहे, खोकला नसतानाही तो असू शकतो, तेव्हा शंका घेणं बरोबरच. पण रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबी ठरवायच्या टेस्टवर सरकारनं २०१२ सालीच बंदी घातलीय. पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेऊन सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधायची टेस्ट), कल्चर आणि पॅथॉलॉजीला पाठवायचा असतो. टीबी निघाला तर औषधं सरकारकडनं मोफत मिळतात, त्याला खासगीत पैसे घालू नका.

आणि अस्तर घेणं वेगळं, पिशवी साफ करणं वेगळं. नुसती पिशवी धुतली की दिवस राहतात म्हणून वारंवार साफ करून घेणाऱ्या बायका मी बघितल्यात. त्यानं आत चिकटा होऊ शकतो आणि असलेली शक्यताही कमी होते.

ह्यांचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान केरळात, मी विट्याला, दिवाळी आणि यात्रेला येतात. काय करायचं?

खानापूर, आटपाडी, तासगावकडच्या किती घरांची ही गोष्ट आहे. आधी हे मनातनं काढा की लग्नाला चार वर्षं झाली म्हणजे चार वर्षं मूल होत नाही. एकत्र राहिलेले महिने मोजा आणि त्यातही अंडं फुटायच्या आसपासचे दिवस सापडले का बघा, कदाचित सगळे मिळून एक वर्षही भरत नसेल. वीर्य तपासणी त्यांना तिथंच करू द्या, मराठी येणारा डॉक्टर लागत नाही, रिपोर्ट सगळीकडं सारखाच असतो, फोटो मागवून घ्या. तोवर तुमच्या टेस्ट इथं करा. ते येणार त्या महिन्याची तारीख डॉक्टरांना आधी सांगितली तर फॉलिकल स्टडी त्या वेळेला बसवता येते. भट्टीपुढं तासन्‌तास बसणं आणि शिशाचा धूर, या दोन्हींचा शुक्राणूंवर परिणाम होतो, म्हणून धंदा काय आहे ते डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे. द्राक्षबागेत औषध मारणाऱ्यांनीही सांगा. तंबाखू, गुटखा, दारू तर आहेच. शक्य असेल तर तुम्ही तीन-चार महिने तिकडं राहायला जा, कधीकधी तेवढंच लागतं.

आयुष्मान कार्ड किंवा मेडिक्लेम चालतो का?

आयुष्मान भारतमध्ये मूल होण्यासाठीची ट्रीटमेंट बसत नाही आणि ॲडमिट न होता केलेल्या नुसत्या टेस्टही बसत नाहीत. मेडिक्लेममध्ये वंध्यत्व हे बहुतेक पॉलिसीत वगळलेलंच असतं, काही कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असतं, एचआरला विचारा.

मोफत वंध्यत्व शिबिराचं बॅनर लागलंय, जाऊ का?

जा, सल्ला ऐका, पण त्या दिवशी सही आणि ॲडव्हान्स काही देऊ नका. आययूआय (वीर्य पिशवीत सोडणं), आयव्हीएफ करणाऱ्या सेंटरला २०२१ च्या एआरटी कायद्याखाली नोंदणी लागते, प्रमाणपत्र बघायला मागा. बाईला २१ ते ५० आणि पुरुषाला २१ ते ५५ अशी वयाची मर्यादा त्याच कायद्यात आहे. मुलगाच होईल अशी गोळी, पावडर, पॅकेज कुणी देत असेल तर तो गुन्हा आहे, तिथनं उठून या. नवस, उपवास ज्याच्या त्याच्या श्रद्धेनं करावा, फक्त त्यासाठी टेस्टची तारीख चुकवू नका.

डॉक्टर बदलले की सगळ्या टेस्ट परत करायला लावतात.

म्हणून ओरिजिनल तुमच्याकडंच ठेवा, एचएसजीची फिल्म, सोनोग्राफीचे फोटो, सगळं तारखेनं एका फाइलमध्ये. ॲडमिट झालेल्याचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांसाठी नियम आहे. थायरॉईड, साखर, वीर्य हे बदलतं, ते परत करणं समजू शकतं. वर्षाच्या आतली चांगली आलेली एचएसजी मात्र परत करायला सांगितली तर कारण विचारा.

दिवस राहतात पण दोनदा गर्भपात झाला, याच टेस्ट का?

नाही, त्या वेगळ्या. दोन किंवा जास्त वेळा झालं असेल तर पिशवीचा आकार, थायरॉईड, साखर, आणि रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडी बघतात, त्या एकदा आल्या तर १२ आठवड्यांनी परत करून खात्री करतात. गरज पडली तर दोघांची गुणसूत्रं तपासतात, इथंही दोघांची. पडलेल्या गर्भाची तपासणी करता येते, पण ते त्याच वेळी सांगावं लागतं, म्हणून पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत आधीचं सगळं सांगा. आणि फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहायच्या आधीपासनं सुरू ठेवा, ही गोष्ट टेस्ट चालू असलेल्या सगळ्यांनाच लागू आहे.